म्हशीची खुशाली

गुलमर्ग, काश्मीर
८ नोव्हेंबर १९४५

तीर्थरूप आबा यांस,

इथे साष्टांग घालायला आडवा झालो तर नाक बर्फाला चिकटून बसेल, म्हणून उभ्यानेच नमस्कार करतो. आईला आणि आत्यालाही तसाच. मी खुशाल आहे.

पलटणीने मला इथल्या डोंगरावर, लष्कराच्या सुटीच्या छावणीत पाठवले आहे. लढाई संपली, साहेब लोक दमले, म्हणून त्यांना इथे विश्रांतीला आणतात. विश्रांती कशी ती ऐका. माणसाच्या उंचीच्या दोन फळ्या खांद्यावर घेऊन साहेब अर्धा दिवस डोंगर चढतो. वर गेल्यावर त्या फळ्या पायांना बांधतो आणि पान चघळून होईपर्यंत घसरत खाली येतो. खाली आला की पुन्हा चढायला लागतो. आपल्याकडे कुणी असे केले तर घरचे लोक त्याला देवऋष्याकडे नेतील. त्यांच्या मडमासुद्धा पाटलोणी घालून घसरतात. (हे आत्याला वाचून दाखवू नये.) या सगळ्या फळ्यांचे कोठार माझ्या ताब्यात आहे. त्यांच्या तळाला मेण चोळणे आणि तुटलेल्या वाद्या शिवणे, ही आता तुमच्या हवालदार चिरंजिवाची मर्दुमकी.

आता मुद्द्याचे. आमचे कप्तान साहेब म्हणाले की फेब्रुवारीत काही लाकडी खोल्या रिकाम्या पडतील, तेव्हा हवालदारांनी आपली माणसे पंधरा दिवस आणावीत. आगगाडीचा पास लष्कर देईल. माझ्या मनात आले की आपण सगळ्यांनी यावे. आपले घर आजवर औदुंबरच्या पलीकडे सहकुटुंब कुठे गेलेले नाही. इथे बर्फ बघावा, फळ्यांवर घसरावे, शेगडीपाशी बसावे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. घरातले एकही माणूस मागे राहता कामा नये. थोरांनी यावे, धाकट्यांनी यावे, आणि जे कधी कुठे गेलेले नाहीत त्यांनी तर यावेच यावे.

म्हैस कशी आहे? नीट खाते का? थंडीत तिच्या अंगावर कुणी काही घालते का? हल्ली हसते का? मला तिची फार आठवण येते असे तिला कुणीतरी सांगावे.

आपला,
सयाजी

*

गुलमर्ग
८ नोव्हेंबर १९४५

नान्या,

हे पत्र मुद्दाम सांगलीला तुझ्या हळदीच्या अडतीवर टाकतो आहे. तिथेच फोड, पोत्यावर बसून वाच, आणि वाडीला नेऊ नकोस. घरच्या पत्त्यावर वेगळे पत्र गेले आहे. बाजाराच्या दिवशी घरी गेलास की ते नेहमीप्रमाणे अंगणात मोठ्याने वाचशील. त्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी.

म्हैस म्हणजे तुझी वहिनी.

दात काढू नकोस. माझे प्रत्येक पत्र तू अर्ध्या वाडीसमोर वाचतोस. आबा बाजेवर, आई जात्यापाशी, आत्या उंबऱ्यात, आणि शेजारची मंडळी कुडावरून माना काढून. त्यात मी बायकोची चौकशी कुठे आणि कशी करू? इटलीतून पहिल्या पत्रात मी नुसते 'घरच्या मंडळींना आशीर्वाद' एवढे लिहिले होते. तूच मला कळवलेस की त्यावर आत्या म्हणाली, "लढाईला गेलाय का सासुरवाडीला?" तेव्हापासून मी म्हशीची खुशाली विचारतो. म्हशीची धार तीच काढते. मला वाटले, कुणीतरी तिला 'सयाजीनं म्हशीला इचारलंय' एवढे तरी सांगेल.

लग्नाची हळद निघायच्या आत पलटणीची तार आली हे तुला माहीत आहे. त्यातही दिवसा तिचा पदर नाकापर्यंत आणि रात्री दिवा विझवलेला. इटलीत मला तिचा चेहरा आठवायचा. आता येत नाही. डोळे आठवले तर हनुवटी जाते, हनुवटी धरून ठेवली तर डोळे जातात. नान्या, तुझ्याशी आजवर मी थट्टाच केली, पण हे थट्टेने सांगत नाही. मला याची भीती वाटते.

मला इथून रजा नाही, कारण फळ्यांचा मोसम ऐन भरात येणार. आणि मार्चमध्ये पलटण बोटीवर चढणार, जपानला जाणार, असे सगळे बोलतात. म्हणून सहलीचे हे सोंग. एकट्या सुनेला पाठवा म्हणायची माझी छाती नाही. सगळे आले म्हणजे त्यात तीही येईल. तेव्हा वाचताना 'सगळ्यांनी' या शब्दावर जोर दे.

सयाजी

*

वाडी, पलूसजवळ
२६ नोव्हेंबर १९४५

चिरंजीव सयाजीस आबाचा आशीर्वाद.

नानासो लिवतोय, मी सांगतोय. जसं तोंडातनं येतंय तसं लिव म्हणलंय त्येला, सुधारू नगं.

तुजं पत्र तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा शेजारच्या लालासाहेबासाठी, त्यो दोन्ही येळंला घावला न्हाई. त्यो म्हनतोय, घसरायसाठी काश्मीरला कशाला जायाचं, गुऱ्हाळावर मळी सांडल्याली असती तितं फुकट घसरता येतंय. त्येचं सोड. त्येला कुनी बोलवलं न्हाई म्हनून पोट दुखतंय.

आमी येतो. मी, तुजी आई आन आत्या. आत्यानं मडमांचं समदं ऐकलं. ती म्हनली, पाटलोणीपरीस कासोटा बरा, आवळून घ्येतला की झालं. आई इचारती, तितं जुंधळा मिळतो का? न्हाईतर ती पीठ बांधून घ्येनार हाय. शेंगदाण्याची चटणी कांडायला आत्ताच काढलीया. बर्फ हंड्यात भरून आणला तर वाडीपतोर टिकंल का, ह्ये बी तिनं इचारलंय. मला येवडंच सांग, की त्यो डोंगर कुनाच्या मालकीचा हाय? येवडी जिमीन पडीक ठिवून नुसतं घसरत्यात म्हंजी काय?

आता तुज्या जिवाची गोष्ट. तू दर पत्रात म्हशीला इचारतूस. ह्या येळंला तर तुजी आई रडली. म्हनली, मुक्या जनावरावर पोराचा केवडा जीव! तवा आमी ठरवलं, म्हशीला येकटी टाकून यायचं न्हाई. सूनबाईला तिच्यापाशी ठेवून येतो. तशी बी सूनबाईबिगार कुनाला ती धार काढू देत न्हाई. तू अगदी निर्धास्त ऱ्हा.

आबा

ता. क. हे माझे, नानासोचे. आबा बिडी ओढतात तेवढ्यात लिहितो. दादा, 'सगळ्यांनी' वर मी एवढा जोर दिला की मला ठसका लागला आणि आत्याने पाणी आणले. पण तुझ्या म्हशीने घात केला. आबा अगदी डोळे पुसून म्हणाले, "सयाजी हाडाचा शेतकरी हाय." वहिनी दाराआड उभी होती. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे तिने पत्राची घडी करून भिंतीतल्या देवळीत ठेवली. तुझी सगळी पत्रे तीच जपून ठेवते.

*

गुलमर्ग
६ डिसेंबर १९४५

नान्या,

तुझ्या पत्राला अडतीची हळद लागली होती. ते वाचून मी डोके धरून बसलो, तर शेजारचा पंजाबी नाईक म्हणाला, "मराठा, दुसरी शादी ठरली काय?" त्याला काय सांगू, पहिलीच अजून पुरती झाली नाही म्हणून?

म्हणजे मी बायकोला बोलवायला सगळे घर बोलावले, आणि सगळे घर बायकोला ठेवून येते आहे. आईबाप आले तर मला आनंदच आहे, तसे मनात आणू नकोस. पण आत्या इथे फळ्यांवरून घसरते आहे आणि तुझी वहिनी तिकडे शेण काढते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तू काहीतरी कर. म्हैस लालासाहेबाच्या गोठ्यात बांधायला सांग. म्हणावे, छावणीत एवढ्या माणसांच्या भाकरी थापायला हाताखाली कुणी हवे. म्हणावे, लष्कराचा पास चौघांचाच निघतो, एक माणूस कमी असले तर अख्खा पास रद्द होतो. खोटे असले तरी चालेल, लष्कराबद्दल काहीही सांगितले तरी आबांना खरे वाटते.

इथे मी तयारीला लागलो आहे. खोलीतली शेगडी लिंपून घेतली, आरशासाठी भिंतीला खिळा मारला. इथल्या सुताराला म्हटले, एक लहान फळ्यांचा जोड कर. त्याने विचारले, पाय केवढा? मला तिच्या पायांतली जोडवी आठवतात, पाय आठवत नाहीत. सुतार माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी दुसऱ्याच्या बायकोसाठी फळ्या करतो आहे.

आबा, आई, आत्या यांनी जरूर यावे. पण तिने आलेच पाहिजे.

सयाजी

*

सांगली
२४ डिसेंबर १९४५

दादा,

बातमी वाईट आहे, पण सगळे जिवंत आहेत हे आधी सांगतो.

मी प्रयत्न केला. लालासाहेबाच्या गोठ्याचे नाव काढल्याबरोबर आबा आणि तुझी आई एकमेकांकडे बघायला लागले. मग आबा म्हणाले, "न्हाई. येकदा झालं तेवडं बास." काय एकदा झाले ते मला विचारू नकोस, तुझ्या आईने मला शपथ घातली आहे. भाकरीचे सांगितले तर आत्या म्हणाली, "मी काय हात तोडून ठेवलेत व्हय?" पासाचे सांगितले तर आबांनी लगेच लालासाहेबाला चौथा करून टाकला. तो तुझ्याकडे यायला लगेच तयारही झाला. हे माझ्या हातून झाले, मला क्षमा कर.

त्यानंतर तालमी सुरू झाल्या. आबांचे म्हणणे, काश्मीरला जाऊन साहेबांसमोर पडायचे तर आधी घरीच पडून घ्यावे. जुन्या गाडीच्या साट्याच्या फळ्या काढल्या. मेण नव्हते, म्हणून तळाला एरंडेल चोपडले. आपल्या गुऱ्हाळाच्या मागचा उतार तुला माहीत आहेच, जो खाली पाटापर्यंत जातो. त्यावर उसाचे पाचट अंथरले. अख्खी वाडी बघायला. गुळव्याने उकळत्या रसाची काहील उतरवून ठेवली आणि तोही आला.

पहिली आत्या. कासोटा आवळला, फळ्या नाड्याने बांधून घेतल्या, हातात दोन उसांची दांडकी. खंडोबाचे नाव घेतले आणि गेली. दादा, मी खोटे सांगत नाही. सरळ गेली, पाटाचा बांध ओलांडला, आणि गुडघाभर पाण्यात ताठ उभी राहिली. वळून म्हणाली, "फळ्या वर आना, पुन्यांदा जाते."

मग आबांना राहवेना. बाईमाणूस उतरले आणि घरचा कर्ता वरच उभा, हे कसे दिसणार! लालासाहेब खालून ओरडला, "आकाराम, आता उतर की!" आबा उतरले. अर्ध्या वाटेत उजवी फळी डावीवर चढली, आबा दोन्ही फळ्यांसकट आडवे झाले आणि तसेच गडगडत उकिरड्यात गेले. घोट्याचे हाड मोडले आहे. बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आहे, दोन महिने हलायचे नाही. उकिरड्यातून बाहेर काढताना पहिले वाक्य काय म्हणाले असतील? "उतारच वाकडा हाय." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

तर आबांचा हुकूम झाला आहे की सहल रद्द, पुढच्या हिवाळ्यात बघू. पुढच्या हिवाळ्यात तू कुठे असशील ते त्यांना मी सांगितले नाही. सांगायचे ते तू सांग.

आणि दादा, आता माझे एक ऐक. कोड्यात बोलून बोलून तू स्वतःच कोड्यात पडला आहेस. सरळ लिही. तिचे नाव लिही. मी आपणहून ते अंगणात उच्चारले तर आत्या मला वहाणेने मारील, पण तू लिहिलेस तर मला वाचावेच लागेल. मार पडलाच तर अर्धा तुझ्या नावावर.

तुझा,
नानासो

*

गुलमर्ग
८ जानेवारी १९४६
रजिस्टर

आबा, आई, आत्या, नान्या, कुडावरून ऐकणारे सगळे शेजारी, आणि दाराआड जी उभी असेल ती,

हे पत्र हरवू नये म्हणून रजिस्टर केले आहे. पुन्हा लिहायला सांगितले तर माझ्याने लिहवणार नाही.

आबा, तुमचा पाय मोडल्याचे कळले. वाईट वाटले. चूक माझी आहे. मी सहलीचे खूळ काढले नसते तर तुम्ही फळ्यांवर चढला नसता. मला सहल नको होती. मला माझ्या बायकोला बघायचे होते.

तिचे नाव हरणा. हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या हातून आजवर लिहिले गेले नव्हते, म्हणून लिहितो. नान्या, इथे थांबू नकोस, पुढे वाच.

मी दर पत्रात जी चौकशी केली ती हरणाची केली. म्हशीवर माझा विशेष जीव नाही. लहानपणी तिने मला ढुशी मारून गव्हाणीत पाडले होते ते मी अजून विसरलेलो नाही. ज्यांना हसायचे असेल त्यांनी हसून घ्यावे, अंगण आपलेच आहे. लढाईत मी लाज बाळगली नाही, भिऊन खड्ड्यात लपलो ते साहेबांना तोंडावर सांगितले. पण स्वतःच्या घरी बायकोचे नाव घ्यायला मला म्हैस आडवी धरावी लागली.

मार्चमध्ये आमची पलटण जपानला जाते आहे, आता नक्की झाले. किती दिवस ते कुणी सांगत नाही. आबा, मला तिचा चेहरा आठवेनासा झाला आहे. त्या चेहऱ्याशिवाय मला बोटीवर चढायचे नाही. हरणाला फेब्रुवारीत इथे पाठवा. सोबत कोण द्यायचे ते तुम्ही ठरवा. मी कधी काही मागितले नाही. हे मागतो.

तिच्यासाठी लहान फळ्या करायच्या आहेत, सुतार खोळंबला आहे. तिच्या पायाचे माप कळवावे.

सयाजी

*

वाडी, पलूसजवळ
१७ जानेवारी १९४६

चिरंजीव सयाजीस आबाचा आशीर्वाद.

ह्ये अक्षर नानासोचं न्हाई. कुनाचं ते फुडं कळंल. घाई करू नगं.

तुजं रजिस्टर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. नाथाजी पोस्टमननं माजा आंगठा घ्येतला आन पाठ फिरवून गेला. लष्कराचं रजिस्टर फोडताना कुठला पोस्टमन थांबतोय? लढाईत त्येनं असली लय पोचवली. त्येचं तोंड बघून तुज्या आयीनं हंबरडाच फोडला. मी बाजेवर पाय बांधून पडल्याला. नानासो सांगलीत, बाजाराला अजून चार दिस. मास्तर संक्रांतीसाठी गावाला गेल्याला. आत्या उगंच लिफाफा उलटा-पालटा करून बघती. पोरा, त्या घडीला तू आमच्यासाठी मेला हुतास. ही असली चेष्टा पुन्यांदा करू नगं.

तवा दाराआडनं सूनबाई म्हनली, "मामंजी, मी वाचू का?"

मी म्हनलं, "तुला वाचाय येतंय?"

"चौथी पास हाय."

"मग कवा सांगितलं न्हाईस ते?"

"कुनी इचारलं न्हाई."

म्हंजी ह्ये तीन वरीस आमी बाजारच्या दिसाची वाट बघत बसलो, नानासोला दर येळंला गूळ-शेंगदाणं चारलं, आन वाचणारं मानूस घरातच भाकरी थापत हुतं. नानासोला ह्ये सांग. त्येच्या गुळाचा आता हिशेब व्हनार हाय.

तिनं वाचाय घ्येतलं. नाव आलं तितं थांबली. तुजी आई वराडली, "ग्येला का गं माजा सयाजी?" ती म्हनली, "न्हाई सासूबाई, जित्तं हायती." आन सोताचंच नाव मोठ्यानं वाचलं. पदर डोईवर हुता, पर आवाज पार कुडापतोर गेला. चेहऱ्याचं वाचलं तवा पदरानं डोळं पुसलं आन फुडचं वाचलं. लालासाहेबानं कुडावरनं मान खाली घ्येतली, त्येच्या जल्मात पयल्यांदा.

शेवटाला आत्याच बोलली. म्हनली, "आरं मुडद्या, मग पयल्याच पत्रात ल्ह्यायचं न्हाई व्हय? म्या कुनाला खाल्लं असतं?" मी तिच्याकडं बगितलं. खाल्लं असतं, पर आता कोन बोलनार!

आता आमचं बी येक हाय. तुजी ती म्हैस दोन वर्सामागं मेली. आमी समदी जत्रंला गेलतो, लालासाहेबाच्या गोठ्यात बांधून. तितं तिला सापानं डसलं. तू इटलीत तोफंच्या तोंडाला, आन पत्रात पयली चौकशी म्हशीची. कसं सांगायचं? म्हनून दुसरी आणली, तशीच कपाळाला चांदनी असल्याली बगून. चार बाजार पालथं घातलं त्येच्यासाठी. आन तू म्हनतूस जीवच नव्हता! मला पैल्यांदा हासू आलं, मग पाय दुखला.

ठरलं ते असं. माजा पाय हाय असा, आई माज्यापाशी ऱ्हाती. सूनबाई, आत्या आन नानासो येत्यात. नानासोला शेटजीकडनं सुटी काढाय सांगावा धाडलाय. आत्याला ठेवून यायचं म्हनलं तर ती फळ्या खांद्यावर घिऊन दारात उभी ऱ्हायली. लालासाहेब येत न्हाई, त्येच्या गोठ्यात आता म्हशीऐवजी त्येलाच बांधनार हाय मी. म्हशीची धार तुजी आई काढंल. लाथ मारली तर खाईल. म्हनली, "माज्या सुनंसाठी येक लाथ खाल्ली तर काय मरत न्हाई."

शेवटचं. तुजं पत्र ऐकल्यावर सांजच्याला मी तुज्या आयीला नावानं हाक मारून बगितली. आजवर कवा मारली नव्हती. 'बनू' म्हनलं. ती चुलीम्होरं बसल्याली. वळूनच बगितलं न्हाई. म्हनली, "कुनाला हाका मारताय?" म्हनून सांगतो, फार येळ लावू नये.

आता मी पडतो. बाकीचं ती लिवंल, आन मी ते वाचून घ्येनार न्हाई.

आबा

*

आबांनी डोळ्यांवर हात घेतला आहे. झोपलेले नाहीत, पण आता हे पान माझे आहे.

तुमची सगळी पत्रे मी देवळीतून काढून वाचलेली आहेत. पहिल्या वर्षी मला म्हशीचा फार राग आला. तुमचे पत्र आले की मी तिला वैरण कमी टाकत असे. मग ती मेली, आणि मला वाटले आता तरी माझी पाळी येईल. तरी पत्रात म्हैसच. मग या वेळी तुम्ही विचारलेत, हल्ली हसते का? म्हशी हसत नाहीत हे या घरात एकट्या मलाच माहीत होते असे दिसते. त्या रात्री मी नव्या म्हशीला पेंड घातली आणि तिच्या गळ्यात पडून रडले. तिने मला लाथ मारली नाही.

तेव्हाच बोलायला हवे होते. पण वाचता येते म्हणून सांगितले असते तर सगळ्यांसमोर मलाच वाचावे लागले असते, आणि तुमचे पत्र मला एकटीने वाचायला आवडत होते.

सुताराला खोळंबून ठेवू नका. चुलीतल्या राखेत पाय बुडवून या पानाच्या मागे पाऊल उठवले आहे. जरा पसरले, पण माप बरोबर आहे. घसरायचे मला भय वाटत नाही. आत्यांबरोबर तो उतार मीही उतरून पाहिला, पहाटे, कुणी नसताना. आत्यांनी शपथ घातली आहे म्हणून हे कुणाला सांगू नका. मी आत्यांपेक्षा लांब गेले.

मोटार जिथे थांबते तिथे तुम्ही उभे राहा. चेहरा आठवत नाही म्हणता, तर मी पदर खांद्यावर घेऊन उतरेन. आत्या काय म्हणायचे ते म्हणोत. तरीही ओळख पटली नाही, तर गर्दीत मोठ्याने विचारा, म्हैस कशी आहे?

मी म्हणेन, बरी आहे, आणि हसते.

हरणा